शब्दांचे नवे-जुने

वुहान शहरातल्या एका पोलीस चौकीत ३ जानेवारी २०२० या दिवशी एका तरुण डॉक्टरांना बोलावून घेण्यात आले. ली वेनलियांग त्यांचे नाव, पेशाने नेत्रतज्ज्ञ. चार दिवसांपूर्वी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयातल्या जुन्या वर्गमित्रांना मोबाइलवरच्या गटात कळवले होते, की सार्ससारखा आजार झालेले रुग्ण आपल्या रुग्णालयात आले आहेत, जपून राहा. खोटी माहिती पसरवल्याबद्दल पोलिसांनी त्यांना समज दिली आणि ती कागदावर उतरवून त्यांच्यापुढे ठेवली. शेवटी दोन प्रश्न होते. हे बेकायदा वर्तन तुम्ही थांबवू शकाल का? डॉक्टरांनी लिहिले, 'शकेन.' तुम्हाला समजले का? त्यांनी लिहिले, 'समजले.'

त्या कागदाचे छायाचित्र पुढे जगभर छापून आले. चिनी लिपी मला वाचता येत नाही. चीनबद्दल जे वाचतो ते इंग्रजी अनुवादांतून. पण त्या छायाचित्रात माझी नजर खिळली ती दोन्ही उत्तरांवर उमटलेल्या लाल अंगठ्यांवर. बँकेच्या नोकरीत मी हजारो अंगठे घेतले. कागदावर काय आहे ते अंगठा देणाऱ्याला वाचून दाखवण्याचा नियम आहे आणि मी तो पाळतही असे. तरी अंगठा टेकवताना माणसाच्या चेहऱ्यावर एक भाव येतो. हे शब्द आपले नाहीत, पण आता ते आपलेच धरले जाणार, असा. चीनमधला राजकीय भाषाव्यवहार गेली काही वर्षे जमेल तसा वाचत आलो, त्यात हा भाव मला फिरून फिरून भेटत राहिला.

चिनी साम्यवादी पक्षाच्या कारभारात 'तीफा' म्हणून एक शब्द आहे. तीफा म्हणजे एखादी गोष्ट म्हणण्याची ठरवून दिलेली रीत. कोणत्या घटनेला काय नाव द्यायचे, कोणते विशेषण लावायचे, दोन नावांत आधी कोणते घ्यायचे, हे वर ठरते. मग वर्तमानपत्रात, दूरचित्रवाणीवर, पाठ्यपुस्तकात आणि गावाच्या वेशीवरल्या फलकावर तेच शब्द त्याच क्रमाने उमटतात. आपल्याला ही पोपटपंची वाटते. ज्यांची नोकरी आणि प्रसंगी मान त्या शब्दांवर लटकलेली असते, त्यांना तशी वाटत नाही. तिथला मुरलेला वाचक 'पीपल्स डेली' उघडतो तो बातमीसाठी कमी आणि कालचा कोणता शब्द आज गळला हे पाहण्यासाठी अधिक. आम्ही रिझर्व्ह बँकेची परिपत्रके अशीच वाचत असू. 'करता येईल'च्या जागी 'करावे' आले, की शाखेत दोन दिवस कुणाला जेवायला फुरसत नसे.

या शब्दांवर काय काय हलते पाहा. माओ १९७६च्या सप्टेंबरात वारले. ७ फेब्रुवारी १९७७ रोजी तिथल्या प्रमुख नियतकालिकांनी एक अग्रलेख एकाच वेळी छापला. त्याचा सारांश असा, की माओंनी जे जे निर्णय घेतले ते ते आम्ही उचलून धरू आणि ज्या ज्या सूचना दिल्या त्या त्या पाळू. इतिहासात याला 'दोन जे जे' म्हणूनच ओळखतात. ते दोन 'जे जे' उभे होते तोवर माओंनी दूर सारलेल्या डेंग शियाओपिंग यांची वाट मोकळी होणे कठीण होते. ११ मे १९७८ रोजी 'ग्वांगमिंग डेली'त एक लेख आला. मूळ मसुदा नानजिंग विद्यापीठातल्या एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा, त्यावर अनेक हातांचे संस्कार. त्याचे म्हणणे एवढेच, की सत्य तपासण्याची एकमेव कसोटी म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार. वरवर पाहता तत्त्वज्ञानाच्या वर्गातले वाक्य. पण ते छापले गेले आणि 'जे जे' ढासळले. त्याच वर्षाच्या अखेरीस पक्षाची सूत्रे व्यवहारात डेंग यांच्याकडे गेली आणि ज्याला आपण आजचा चीन म्हणतो त्याची सुरुवात झाली.

अकरा वर्षांनी याच्या उलट झाले. हू याओबांग हे पदच्युत सुधारणावादी नेते १५ एप्रिल १९८९ रोजी वारले आणि त्यांच्या शोकासाठी जमलेले विद्यार्थी तियानानमेन चौकातून हलेनात. २६ एप्रिलच्या 'पीपल्स डेली'ने अग्रलेखात या साऱ्याला एक शब्द लावला, 'दोंगलुआन'. अनागोंदी, उत्पात. चिनी कानांना हा शब्द साधा नव्हता. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा भीषण वर्षांना तोवर हेच नाव पडले होते. शांतपणे बसलेल्या विसा-बाविसा वर्षांच्या पोरांना एका शब्दाने त्या रांगेत नेऊन बसवले होते. दुसऱ्याच दिवशी हजारोंचा मोर्चा निघाला. पुढच्या सगळ्या आठवड्यांत, अगदी १३ मेला उपोषण सुरू झाल्यावरही, विद्यार्थ्यांची एक मागणी कायम राहिली, की तो शब्द मागे घ्या. पक्षाचे सरचिटणीस झाओ झियांग यांनाही तो सौम्य करावासा वाटत होता. डेंग यांनी नकार दिला. शब्द मागे घेणे म्हणजे तो लावणारा चुकला हे मान्य करणे, आणि ते एकदा मान्य केले की पुढे कुठवर मान्य करत जायचे? ४ जूनला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. चीनमधल्या नव्या पिढीला मात्र ते ठाऊक नसावे अशी व्यवस्था पुढे झाली. आधी 'प्रतिक्रांतिकारक बंड', मग 'वसंत आणि ग्रीष्माच्या संधिकाळातले राजकीय वादळ', आणि त्यानंतर काहीच नाही.

त्या ४ जूनच्या संध्याकाळी चिनी दूरचित्रवाणीवर सातच्या बातम्या नेहमीप्रमाणे लागल्या. श्वे फेई आणि दू शियान या दोन निवेदकांनी पुढ्यात ठेवलेला सरकारी मजकूर वाचला. शब्दांत बदल करणे त्यांच्या हातात नव्हते. ते गडद रंगाच्या कपड्यांत आले आणि अंत्यविधीला बोलावे तशा संथ, जड आवाजात वाचत गेले. पुढे दोघेही पडद्यावरून नाहीसे झाले.

आता कुणी म्हणेल, शब्द खोटा पडला तर पडला, पोटाला काय त्याचे? १९५८ साली 'मोठ्या झेपे'च्या काळात चिनी वर्तमानपत्रांत विक्रमी पिकांच्या बातम्यांची चढाओढ लागली होती. 'उपग्रह सोडणे' असेच त्याला म्हणत, कारण रशियाने नुकताच स्पुतनिक सोडला होता. ग्वांग्शी प्रांतातल्या एका कम्यूनने एका मू जमिनीत ६५ हजार किलोंहून अधिक भात पिकवल्याचे छापून आले. एक मू म्हणजे आपल्याकडचे साडेसहा गुंठे. शेतकऱ्याचा कुणीही पोर सांगेल, की साडेसहा गुंठ्यांत ६५ टन भात नुसता रचायला सांगितला तरी डोकेदुखी होईल. पण आकडा छापला गेला होता, आणि सरकारी वसुली ठरली ती छापील आकड्यांच्या हिशेबाने. जे पिकलेच नव्हते त्यातला हिस्सा द्यायचा, तर जे थोडे पिकले होते ते सगळे द्यावे लागले. मग जो दुष्काळ पडला त्याला नाव मिळाले 'तीन वर्षांच्या नैसर्गिक आपत्ती'.

यांग जिशेंग हे 'शिन्हुआ' या सरकारी वृत्तसंस्थेत हयात घालवलेले पत्रकार. त्यांचे वडील १९५९ साली उपासमारीने गेले. कित्येक वर्षे तो आपल्या घरापुरता दुर्दैवाचा घाला आहे असेच ते समजत होते. झेपेचे गोडवे गाणारा मजकूरही त्यांनी लिहिला होता. निवृत्तीच्या सुमारास ते प्रांतोप्रांतीच्या दप्तरखान्यांत जाऊन बसले. २००८ साली हाँगकाँगमध्ये त्यांचा 'थडगे' हा ग्रंथ निघाला. त्यांच्या हिशेबाने मृतांचा आकडा तीन कोटी साठ लाख. इतर अभ्यासकांचे आकडे याच्या खालीवर आहेत. चीनच्या मुख्य भूमीत त्या पुस्तकावर बंदी आहे. शब्दांवर जगलेल्या माणसाने स्वतःच्या शब्दांचे उशिरा केलेले हे ऑडिट. ते वाचून मी बरेच दिवस अस्वस्थ होतो, आणि त्याचे कारण सर्वस्वी चिनी नव्हते.

ऐंशीच्या दशकात मी तालुक्याच्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. बँकेचे नाव कशाला, सगळीकडे तेच चाले. मार्चअखेर आली की 'नवे-जुने' सुरू. शेतकऱ्याने जुने कर्ज भरले असे दाखवायचे आणि त्याच दिवशी त्याच्या नावे नवे कर्ज टाकायचे. रोकड हलत नसे, हलत असे ती लेखणी. शाखेची वसुली शंभर टक्के, वरिष्ठांचे शाबासकीचे पत्र, आणि कर्जदाराचा खतावणीतला उतारा निष्कलंक. माझ्याकडे दोन एकर कोरडवाहूचा एक शेतकरी होता. चार वर्षे मी त्याचे नवे-जुने केले. व्याज मुद्दलात मिसळत मिसळत मुद्दल दीडपट झाले. १९९० साली केंद्र सरकारने दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ करण्याची योजना आणली. आदल्या २ ऑक्टोबरला जो थकबाकीदार असेल त्यालाच माफी. हा गृहस्थ सकाळी सकाळी पिशवी घेऊन शाखेत आला. मी खतावणी उघडली. त्याच्या नावावर थकबाकी नव्हती. ती नाही अशी व्यवस्था मीच माझ्या सुवाच्य अक्षरात केली होती. "साहेब, पण मी तर कधीच भरले नाहीत," असे तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि खरे तेच होते.

त्यामुळे 'श्यागांग' हा शब्द वाचला तेव्हा मला तो समजावून घ्यावा लागला नाही. समाजवादी देशात बेकारी असूच शकत नाही, म्हणून काम नसलेल्या तरुणांना आधी 'नोकरीच्या प्रतीक्षेत' असलेले म्हणत. नव्वदच्या दशकात सरकारी कारखाने तोट्यात गेले आणि कोट्यवधी कामगार घरी बसले, तेव्हा त्यांच्यासाठी 'श्यागांग' आला. अर्थ, जागेवरून उतरलेला. त्याचे नाव कारखान्याच्या पटावर राहायचे, कधीमधी चिमूटभर भत्ता मिळायचा, आणि पटावर नाव आहे म्हणून बेकारांच्या गणतीत तो यायचा नाही. मधल्या काळात पक्षाचे मोठे शब्दही सफाईने बदलत गेले. १९८७ साली सांगितले गेले, की आपण समाजवादाच्या 'प्राथमिक अवस्थे'त आहोत. १९९२ साली 'समाजवादी बाजार अर्थव्यवस्था' अवतरली. मागच्या नामाला धक्का न लावता पुढे विशेषण जोडायचे आणि गाडी उलट दिशेला न्यायची, ही कारागिरी मानली पाहिजे. करोडो माणसे त्या वळणावर दारिद्र्यातून बाहेर आली हेही तितकेच खरे.

त्याच वळणावर वर्तमानपत्रांनाही पोट भरायला सांगण्यात आले. जानेवारी १९७९मध्ये शांघाय दूरचित्रवाणीवर एका औषधी मद्याची जाहिरात लागली, ती तिथली पहिली. पुढे अनुदाने आटत गेली तसे पक्षाच्या मुखपत्रांनी पोटी पोरे घातली. बाप पक्षाचे प्रवचन छापणार, पोर वाचकाला आवडेल ते छापून घर चालवणार. ग्वांगझूच्या पक्षीय दैनिकाची 'सदर्न वीकली' आणि 'सदर्न मेट्रोपोलिस डेली' ही अशी कमावती पोरे. मुखपत्राला चिनीत 'घसा आणि जीभ' म्हणतात. १९९८ साली पंतप्रधान झू रोंगजी एका लोकप्रिय शोधवार्ता कार्यक्रमाच्या कचेरीत गेले, तेव्हा त्यांनी लिहून दिलेल्या चार शब्दबंधांत 'जनतेचा घसा आणि जीभ' असा एक होता. पक्षाचा नव्हे, जनतेचा. तीफा वाचणाऱ्यांनी तो बरोबर टिपला.

आणि काही काळ त्या जिभेने काम केलेही. मार्च २००३मध्ये सुन झिगांग नावाचा २७ वर्षांचा ग्राफिक डिझायनर ग्वांगझूत रस्त्यावरून उचलला गेला, कारण त्याच्याजवळ तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना नव्हता. तीन दिवसांत कोठडीत मारहाणीने तो मेला. ज्या नियमाखाली त्याला धरले त्याच्या नावात भटक्यांना 'सामावून घेऊन परत पाठवणे' असे शब्द होते. २५ एप्रिलला 'सदर्न मेट्रोपोलिस डेली'ने बातमी दिली, देशभर संताप उसळला आणि दोन महिन्यांच्या आत तो नियमच रद्द झाला. एका बातमीने कायदा पाडल्याची अशी उदाहरणे लोकशाही देशांतही फार नसतील. वर्ष उलटायच्या आत त्या दैनिकाच्या दोघा वरिष्ठांना लाचलुचपतीच्या आरोपांवरून तुरुंगवास झाला आणि मुख्य संपादकांना पाच महिने कोठडीत काढावे लागले.

नंतर दोरी आवळत गेली. १९ फेब्रुवारी २०१६ रोजी शी जिनपिंग यांनी 'पीपल्स डेली', 'शिन्हुआ' आणि केंद्रीय दूरचित्रवाणी या तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी भेट दिली आणि पक्षाच्या माध्यमांनी पक्षाचे आडनाव लावले पाहिजे असे बजावले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर त्यांच्या स्वागताचा मजकूरच होता, की आमचे आडनाव 'पक्ष' आहे. रेन झिचियांग या निवृत्त बांधकाम उद्योजकाने, जो स्वतः पक्षाचा सदस्य होता, 'वेइबो'वर विचारले, की करदात्यांच्या पैशावर चालणारे हे घराणे पक्षाचे कधी झाले? त्याचे साडेतीन कोटींहून अधिक वाचक होते. काही दिवसांत त्याचे खाते पुसले गेले. २०२०मध्ये त्याला भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली अठरा वर्षांची शिक्षा झाली.

एवढे सगळे शब्द सरकारजमा झाल्यावर लोकांनी काय करावे? चिनी लोक ते शब्द सरकारलाच परत करतात, जरा वाकवून. 'सुसंवादी समाज' ही हू जिंताओ यांच्या काळातली घोषणा होती. लेख छाटला गेला की लोक म्हणू लागले, "माझा लेख सुसंवादी झाला." मग 'सुसंवादी' हाही शब्द छाटला जाऊ लागला, तेव्हा त्याच्याशी उच्चार जुळणारा 'नदीतला खेकडा' आला. ४ जून लिहिता येत नाही म्हणून '३५ मे' ही तारीख तयार झाली. २००९ साली विद्यापीठांनी आपल्या पदवीधरांना नोकरी लागल्याचे परस्पर नोंदवले, तेव्हा मुलांनी कर्मणी प्रयोगाचे 'बेई' हे अक्षर लावून क्रियापद बनवले. आपल्या सरकारी मराठीत त्याचा चपखल अनुवाद होतो, 'मला नोकरी लागण्यात आली.' कोठडीतल्या संशयास्पद मृत्यूंसाठीही तेच व्याकरण, 'त्याची आत्महत्या करण्यात आली.' त्या वर्षाचे अक्षर म्हणून 'बेई'च निवडले गेले. २०११मध्ये वेन्झूला वेगवान गाड्यांची टक्कर होऊन ४० माणसे गेली आणि अपघातातले डबे जागीच का पुरले याचा रेल्वेच्या प्रवक्त्याने खुलासा केला. खुलाशानंतर तो म्हणाला, तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, मी ठेवतो. पुढे कितीतरी महिने, आपली बायको, बॉस वा दूधवाला काही सांगू लागला, की लोक हेच वाक्य म्हणत.

ही चेष्टा आहे आणि चेष्टेने सत्ता हलत नाही, असे म्हणणारे आहेत. मलाही बरेचदा तसे वाटते. मार्च २०२०मध्ये 'रेनवू' मासिकात वुहानच्या डॉक्टर आय फेन यांची मुलाखत आली. आजाराचा अहवाल पहिल्यांदा त्यांनी सहकाऱ्यांना पाठवला होता आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. मुलाखत काही तासांत पुसली गेली. मग लोकांनी ती उलट्या क्रमाने लिहिली, मोर्सच्या टिंबरेघांत लिहिली, चित्रखुणांत लिहिली, तीन हजार वर्षांपूर्वीच्या अस्थिलेखांच्या लिपीतही लिहिली. पुसणारे दमावेत म्हणून केलेला तो उद्योग. बहुतेकांना ती वाचता येणार नाही हे लिहिणाऱ्यांना कळत होते.

नोव्हेंबर २०२२मध्ये शब्दांचाही कंटाळा आला. उरुमचीत टाळेबंदीतल्या एका इमारतीला २४ तारखेला आग लागून दहा माणसे मेली. शांघायमध्ये उरुमचीच्या नावाच्या रस्त्यावर लोक जमले आणि त्यांनी हातात धरले कोरे कागद, ए-फोर आकाराचे. बीजिंगमध्ये टाळेबंदीविरुद्ध घोषणा देऊ नका असे जमावाला सांगण्यात आले, तर तो ओरडू लागला, "टाळेबंदी चालू ठेवा! आमची तपासणी करा!" शांघायच्या त्या रस्त्याचा पत्ता सांगणारी पाटी पुढे काढून नेली गेली. डिसेंबरात टाळेबंदीचे धोरण गुंडाळले गेले, अर्थात त्या कागदांचा उल्लेखही न करता. कोरा कागद धरलेल्या कित्येकांना मागाहून घरी येऊन उचलले.

खतावणी मात्र अजून तशीच लिहिली जाते. जून २०२३मध्ये शहरी तरुणांमधली बेकारी २१.३ टक्के असल्याचे तिथल्या सांख्यिकी विभागाने जाहीर केले. ऑगस्टमध्ये आकडा देणेच थांबले. जानेवारी २०२४मध्ये तो परत आला तेव्हा शिकत असलेल्यांना गणतीतून वगळलेले होते आणि डिसेंबरचा आकडा भरला १४.९ टक्के. शिकणाऱ्याला नोकरी शोधणारा धरू नये याला काही आधार आहे हे मी मान्य करतो. आमच्याकडेही प्रत्येक नव्या-जुन्याला काही ना काही नियमाचा आधार असेच. ज्या मुलांना काम मिळत नाही त्यांच्यासाठी आता 'सावकाश नोकरी' आणि 'लवचीक रोजगार' असे शब्द आहेत. त्या मुलांनी स्वतःसाठी २०२१ साली काढलेला शब्द आहे 'थांगपिंग', सरळ आडवे पडून राहणे. 'प्रतीक्षेत असलेल्या'चा मुलगा 'जागेवरून उतरलेला' आणि नातू 'आडवा पडलेला', असा एका चिनी घराचा वंशवृक्ष सहज काढता येईल. शांघायच्या टाळेबंदीत एका तरुणाला पोलीस सांगत होते, की ऐकले नाहीस तर तुझ्या तीन पिढ्यांवर परिणाम होईल. तो शांतपणे म्हणाला, "आमची ही शेवटची पिढी. धन्यवाद." ते चित्रण पसरले आणि पुसले गेले.

डॉक्टर ली यांचा ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच आजाराने मृत्यू झाला. त्या रात्री चीनभर लोकांनी त्यांच्या दोन उत्तरांची उलटी वाक्ये लिहून टाकली, 'शकत नाही. समजत नाही.' काहींनी तोंडाच्या मुखपट्टीवर ती लिहून छायाचित्रे काढली. पुढे चौकशी होऊन ती समज मागे घेण्यात आली, पोलिसांनी कुटुंबाची माफी मागितली आणि त्यांना हुतात्मा घोषित करण्यात आले, म्हणजे त्यांच्यासाठीही एक तीफा तयार झाला.

त्यांची 'वेइबो'वरची शेवटची नोंद १ फेब्रुवारीची आहे. तपासणीचा निष्कर्ष आला, निदान पक्के झाले, एवढीच. तिच्याखाली दहा लाखांहून अधिक माणसे लिहून गेली आहेत. घोषणा फार थोड्यांनी लिहिल्या. कुणी परीक्षा जवळ आल्याचे सांगते, कुणी प्रेमभंगाचे, कुणी नोकरी सुटल्याचे. डॉक्टरांना तळलेली कोंबडीची तंगडी आवडत असे, म्हणून कुणी जेवताना तिचे चित्र टाकते. कुणी नुसतेच लिहून जाते, डॉक्टर, आज इथे पाऊस आहे.